परदेशी डिप्लोमा, कंपनीचा बाँड आणि इथला पीएफ

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हिंगणघाटची. वर्ध्याच्या जी. एस. कॉमर्स कॉलेजातून बी.कॉम. आणि पुढे एचआरमध्ये एमबीए केलं. सध्या नागपूरच्या एका कंपनीत पेरोलचं काम करते, रोज अप-डाऊन आहे. आमचे ग्राहक जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिकेतले. साहेब म्हणतात, लंडनच्या पेन्शन्स मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचा आंतरराष्ट्रीय कर्मचारी लाभांचा डिप्लोमा कर, फी कंपनी भरेल. पण त्यासाठी बाँड लिहून द्यायचा आहे : पास झाल्यावर तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर दोन लाख रुपये भरायचे. दुसरीकडे एक क्लासवाला हाच डिप्लोमा ‘हमखास नोकरीसह’ करून देतो म्हणतो आणि लाखभर रुपये मागतो. घरच्यांना हे सगळं नवीन आहे. या डिप्लोम्याला खरंच किंमत आहे का? बाँडवर सही करू का?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : किंमत आहे, पण ती प्रमाणपत्राच्या कागदाला नाही. तुमच्या टेबलावर रोज जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं तुम्हाला स्वतःला देता यायला लागली तरच आहे. म्हणून आधी हा विषय नेमका काय ते सांगतो, कारण घरच्यांना तुम्हाला हेच समजावून सांगावं लागणार आहे.

पगार सोडून कंपनी कामगाराला जे देते ते सगळं या विषयात येतं : भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पेन्शन, आरोग्य विमा, अपघाती मृत्यूची भरपाई, बाळंतपणाची रजा. हे परकं शास्त्र आहे असं समजू नका. टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली. तिथे 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. बिस्मार्कच्या जर्मनीत म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला 1889 मध्ये, म्हणजे नागपूरच्या फंडानंतर तीन वर्षांनी. तुम्ही ज्या शहरात रोज उतरता, तिथल्या गिरणीने हा विचार इतक्या आधी केला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द जोडला की विषय अवघड होतो, कारण कामगार एका देशातून दुसऱ्या देशात जातो आणि कायदा मात्र सीमेवरच थांबतो. तुमच्या ग्राहकांचंच उदाहरण घ्या. इथल्या कंपनीने एका अभियंत्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं, तर त्याचा इथे पीएफ कापला जातो आणि तिथेही सामाजिक विम्याची वर्गणी कापली जाऊ शकते. हा दुहेरी भार टाळण्यासाठी भारताने वीसएक देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. पहिला करार बेल्जियमशी झाला, तो 1 सप्टेंबर 2009 पासून लागू झाला. पाठोपाठ जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया आणि इतर देश आले. जपानचा करार 2016 मध्ये लागू झाला, ब्राझीलचा 2024 मध्ये. या देशांत कामावर जाणाऱ्याने निघण्यापूर्वी आपल्या कंपनीमार्फत कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून (ईपीएफओ) ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घेतलं की तिथली वर्गणी ठरावीक मुदतीपर्यंत माफ होते. बहुतेक करारांत ही मुदत पाच वर्षांपर्यंतची आहे.

अमेरिकेशी असा करार नाही. तिथे काम करणाऱ्या आपल्या माणसाच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के आणि मेडिकेअरचे 1.45 टक्के कापले जातात, तेवढेच मालकही भरतो. पेन्शनचा हक्क मिळायला सुमारे दहा वर्षांची वर्गणी लागते. सात-आठ वर्षांनी परत आलेल्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही. करार असता तर भारतातली वर्षं त्यात जोडता आली असती. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे. हे ठाऊक असलेला माणूस कंपनीत असेल तर निघण्यापूर्वीच पगाराची बोलणी वेगळ्या पद्धतीने होतात. नसेल तर ते कामगाराला परत आल्यावर कळतं.

परदेशी माणूस इथे कामाला आला तर उलटा प्रश्न उभा राहतो. 1 ऑक्टोबर 2008 पासून पीएफ योजनेत ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ हा वेगळा वर्ग आला. आपल्या कामगाराला असलेली 15,000 रुपयांची वेतनमर्यादा त्यांना लागू नाही, पूर्ण पगारावर वर्गणी भरावी लागते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ती वैध ठरवली. तुमच्या ग्राहकाने उद्या ‘भरू की नको’ विचारलं, तर दोन्ही निकाल समोर ठेवून लेखी सल्ला देता आला पाहिजे. तुमच्या पेरोल सॉफ्टवेअरमध्ये याचं उत्तर सापडणार नाही.

आता डिप्लोम्याविषयी. पेन्शन्स मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही 1976 मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश व्यावसायिक संस्था आहे आणि पेन्शनच्या कामात तिच्या परीक्षांना मान आहे. हा डिप्लोमा पायाभूत ज्ञान आणि व्यवस्थापन अशा दोन टप्प्यांत येतो. निरनिराळ्या देशांच्या सामाजिक सुरक्षा पद्धती, परदेशी पाठवलेल्या माणसाचं पेन्शन कुठे चालू ठेवायचं, अनेक देशांतले समूह विमे एकत्र बांधून हप्ता कसा कमी करायचा, असे विषय त्यात असतात. मर्सर, एऑन, विलिस टॉवर्स वॉटसन यांसारख्या सल्लागार कंपन्यांची भारतात मोठी कार्यालयं आहेत, आणि ही भाषा येणाऱ्याला तिथे दार लवकर उघडतं. चालू फी आणि परीक्षेच्या तारखा मात्र थेट संस्थेकडूनच घ्या, कुणाच्या पत्रकावरून घेऊ नका. तुमचं काम पुढे फक्त अमेरिकी ग्राहकांपुरतं राहणार असेल, तर तिथल्या इंटरनॅशनल फाउंडेशन ऑफ एम्प्लॉयी बेनिफिट प्लॅन्स या संस्थेची ‘सीईबीएस’ ही पात्रता जास्त उपयोगी पडेल. युरोपही सांभाळायचा असेल तर साहेबांनी सुचवलेलाच मार्ग बरोबर आहे. घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा : ही विद्यापीठाची पदवी नाही, सरकारी भरतीत तिचे गुण धरले जाणार नाहीत. आणि ग्रॅच्युइटीचं मूल्यांकन करून त्यावर सही करण्याचा अधिकार ॲक्च्युअरीचा, म्हणजे विमा-पेन्शनचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाचा. तो 2006 च्या ॲक्च्युअरी कायद्याखालचा वेगळा आणि बराच लांबचा रस्ता आहे.

माझा आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. परदेशी अभ्यासाआधी, निदान त्याच्या बरोबरीने, इथला कायदा पक्का करा. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. मुदतीच्या करारावर असलेल्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, कायम कामगाराला तो पाच वर्षांनी. ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याही बदलली : भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ पगार छोटा दाखवून भत्ते फुगवणाऱ्या पगारपत्रकांचं सगळं गणित यामुळे बदलतं. लंडनचा परीक्षक तुम्हाला हे विचारणार नाही, पण जर्मन ग्राहक भारतातल्या शाखेबद्दल पहिल्यांदा हेच विचारेल, आणि तिथे तुमच्याइतका उपयोगी माणूस त्याला युरोपात मिळणार नाही. तुमचं बळ तिथे आहे.

हे शिकण्याची फुकट जागा तुमच्या जिल्ह्यातच आहे. ईपीएफओ दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर घेते. वर्ध्याचं शिबिर कुठे आहे ते नागपूरच्या कार्यालयातून विचारा, एक दिवस रजा काढा आणि तिथे बसून ऐका. नाव जुळत नाही म्हणून अडकलेला दावा, कंत्राटदाराने न भरलेली वर्गणी, नवऱ्यामागे विधवा पेन्शनसाठी खेटे घालणारी बाई. पुस्तकातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी घरात पोहोचतो, ते तिथे दिसतं. ज्याने हे पाहिलंय, त्याचा सल्ला वेगळा असतो.

बाँडकडे वळू. ‘बाँड बेकायदा असतो, खुशाल सही कर’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या खटल्यात नेमका असाच, तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. नोकरी चालू असतानाचं असं बंधन म्हणजे व्यवसायावरची बंदी नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. पण तिथे मालक सरकारी बँक होती आणि नवी भरती जाहिरात देऊन, स्पर्धेतून करावी लागते हा तिचा खर्च न्यायालयाने विचारात घेतला. खासगी कंपनीच्या बाबतीत करार कायद्याचं कलम 74 महत्त्वाचं ठरतं : करारात आकडा कितीही लिहिलेला असो, मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा तिची कमाल मर्यादा असतो. कंपनीने फीवर किती खर्च केला, हा प्रश्न तिथे येणारच.

म्हणून सही करण्यापूर्वी बोला. रक्कम प्रत्यक्ष फी आणि परीक्षेच्या खर्चाइतकी ठेवायला सांगा. दरवर्षी ती एक तृतीयांशाने उतरावी, म्हणजे दोन वर्षं काम करून सोडलं तर तिसरा हिस्साच भरावा लागेल. कंपनीनेच काढून टाकलं किंवा तुमचं काम दुसऱ्या शहरात हलवलं तर बाँड रद्द होईल, हे वाक्य त्यात हवंच. नापास झालात तर काय, तेही लिहून घ्या. मूळ गुणपत्रिका आणि कोरे धनादेश कुणालाही देऊ नका. एवढं मान्य झालं तर सही करा. तीन वर्षं याच कामात राहणं तुमच्याही फायद्याचं आहे.

क्लासवाल्याला एक रुपयाही देऊ नका. या डिप्लोम्यासाठी संस्थेकडे थेट नोंदणी होते आणि अभ्यासाचं साहित्य तीच देते. ‘हमखास नोकरी’ असं छापणं हे नोव्हेंबर 2024 च्या कोचिंग जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिशाभूल ठरतं. त्याचं पत्रक जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तुम्ही वाचाल, पण मागून येणाऱ्या मुली त्यात अडकू नयेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दुबईत एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. सात वर्षं पूर्ण झाली, आता राजीनामा देऊन परत यायचं म्हणतो. मूळ पगार 1,800 दिरहम. मालक म्हणतो, राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी निम्मीच मिळते. हे खरं आहे का?
— एक वाचक, पुलगाव

उत्तर : खरं नाही. जुन्या कायद्यात राजीनामा देणाऱ्याची रक्कम कापली जायची. अमिरातीचा नवा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे, त्यात ही कपात उरलेली नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी 30 दिवसांचा. भावाचा रोजचा मूळ पगार 60 दिरहम. पाच वर्षांचे 6,300 आणि पुढच्या दोन वर्षांचे 3,600, मिळून 9,900 दिरहम. बिनपगारी रजेचे दिवस असतील तर तेवढे वजा होतील. ही रक्कम शेवटच्या मूळ पगारावर काढतात, भत्ते त्यात धरत नाहीत, म्हणून करारात मूळ पगार किती लिहिलाय ते आधी पाहा.

नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत मालकाने सगळे पैसे चुकते करायला हवेत. भावाला सांगा, राजीनामा लेखी द्यायचा, करारातला नोटिशीचा काळ पूर्ण करायचा, आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत ‘सर्व येणं मिळालं’ अशा कुठल्याही कागदावर सही करायची नाही. अरबीत लिहिलेला कागद पुढे केला तर इंग्रजी प्रत मागायची. मालक अडला तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे मोबाइलवरूनही तक्रार करता येते, आणि दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्रात आपल्या माणसांना सल्ला मिळतो. दावा करण्याची मुदत नोकरी संपल्यापासून दोन वर्षांची आहे, पण विमानात बसण्यापूर्वीच तक्रार नोंदवलेली बरी. इथून ती पुढे चालवणं फार कठीण जातं. त्याच्या कामाच्या कराराची आणि सात वर्षांच्या पगाराच्या नोंदींची एक प्रत आजच तुमच्या मोबाइलवर मागवून घ्या.