कोसळणारी बाहुली आणि घर्षणाचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नववीत शिकणारी भाची एक खोका घेऊन आमच्या घरी आली. खोक्यात साठ सेंटिमीटर उंचीची एक बाहुली होती. मान, खांदे, कोपरे, मनगटे, कंबर, गुडघे, घोटे अशा प्रत्येक ठिकाणी तिला गोळ्याचे सांधे होते. अशी बाहुली नवी घ्यायची तर फार महाग पडते. म्हणून दोन वर्षांची ओवाळणी साठवून भाचीने एका संग्राहकाकडून वापरलेली बाहुली घेतली होती. पण ती उभी केली की गुडघ्यांत दुमडून खाली बसे आणि हात वर केला की तो लगेच खाली पडे. "मामा, मोडकीच निघाली बघ. सगळे पैसे गेले," असे म्हणताना तिचा आवाज कापत होता.

मी बाहुली नीट तपासली. तिचा एकही भाग तुटलेला नव्हता, कोठे तडाही नव्हता. बिघाड एकाच गोष्टीत होता, आणि तो दुरुस्त करायला दोन-तीन मीटर गोल इलॅस्टिक पुरेसे होते. विद्यार्थिमित्रहो, हा बिघाड समजण्यासाठी जे पदार्थविज्ञान लागते ते तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे. ते समजले म्हणजे अशी बाहुली घेताना पैसा कोठे वाचवता येतो आणि कोठे वाचवू नये, हेही आपोआप कळते.

दोरी आत, बाहेर नव्हे

कळसूत्री बाहुली तुम्ही पाहिली असेल. तिचे हातपाय सैल जोडलेले असतात आणि त्यांना आधार मिळतो तो वरून सोडलेल्या दोऱ्यांचा. दोऱ्या सोडल्या की बाहुली जमिनीवर कोसळते. गोळ्याच्या सांध्यांच्या बाहुलीत दोरी असते, पण ती शरीराच्या आत असते. हातपाय व धड पोकळ असतात. त्यांतून इलॅस्टिकची दोरी ताणून ओवलेली असते व ती सर्व भागांना एकमेकांवर सतत दाबून धरते.

सांध्याच्या ठिकाणी एका भागाच्या टोकाला गोळा आणि दुसऱ्याच्या टोकाला वाटी असते. आपल्या खांद्यात व खुब्यात असाच उखळीचा सांधा आहे. दाराची बिजागरी एकाच अक्षाभोवती फिरते. गोळा मात्र कसाही फिरवला तरी त्याच्या पृष्ठाची वक्रता सगळीकडे सारखीच असल्यामुळे वाटीशी त्याचा संपर्क सुटत नाही. म्हणून हात पुढे, बाजूला किंवा स्वतःभोवती, असा तिन्ही प्रकारे वळवता येतो.

ही कल्पना जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये हातपाय हलणाऱ्या भाजक्या मातीच्या बाहुल्या होत्या. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधकाबरोबर रबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि चांगले इलॅस्टिक मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच शतकात जर्मनी व फ्रान्समध्ये चिनी मातीचे डोके आणि कागदाचा लगदा, लाकडाचा भुसा व सरस यांचे सांध्यांचे शरीर असलेल्या बाहुल्या बनू लागल्या. विसाव्या शतकात १९३० नंतरच्या दशकात हान्स बेलमर या जर्मन कलावंताने गोळ्याचे सांधे वापरून शिल्पे केली. त्यांची छायाचित्रे १९६५ साली पाहून जपानमधील योत्सुया सिमोन हे कलावंत या कलेकडे वळले. पुढे १९९९ साली जपानमधील व्होक्स या कंपनीने 'सुपर डॉल्फी' नावाची रेझिनची बाहुली बाजारात आणली. नंतर कोरिया व चीनमधील उत्पादकही या व्यवसायात उतरले आणि संग्राहकांचा छंद जगभर पसरला.

हाताचा हिशेब

आता बाहुलीने हात आडवा धरला आहे अशी कल्पना करा. हाताचे वजन त्याला खाली वळवू पाहते. वळवण्याचा हा परिणाम, म्हणजे बलाचे परिबल, बल आणि सांध्यापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराइतके असते. समजा, हाताचे वजन ८० ग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून ९ सेंटिमीटरवर आहे. तर

८० × ९ = ७२० ग्रॅम-सेंटिमीटर

एवढे परिबल हाताला खाली ओढते. त्याला विरोध कोण करतो? गोळा आणि वाटी यांच्यातील घर्षण. घर्षण हे दाबून धरणारे बल आणि घर्षण गुणांक यांच्या गुणाकाराइतके वाढू शकते. येथे दाबून धरणारे बल म्हणजे इलॅस्टिकचा ताण. घर्षण गोळ्याच्या पृष्ठावर, म्हणजे केंद्रापासून त्रिज्येइतक्या अंतरावर काम करते. म्हणून, थोडा स्थूल हिशेब केला, तर

घर्षणाचे परिबल = घर्षण गुणांक × ताण × गोळ्याची त्रिज्या

गुणांक ०.४ आणि त्रिज्या १.२ सेंटिमीटर धरली, तर लागणारा ताण ७२० भागिले ०.४८, म्हणजे १५०० ग्रॅम-भार येतो. ताण याहून कमी झाला की हात घसरणार. भाचीच्या बाहुलीचे दुखणे हेच होते.

इलॅस्टिक नेहमी ताणलेल्या स्थितीत असते. हूकच्या नियमानुसार ताण लांबीच्या वाढीच्या प्रमाणात असतो, पण हा नियम रबराला थोड्या मर्यादेतच लागू पडतो. वर्षानुवर्षे ताणून ठेवलेले रबर हळूहळू कायमचे लांबते आणि हवेतील ऑक्सिजनमुळे खराबही होते. दोरी लांबली की ताण उतरतो, ताण उतरला की घर्षण उतरते आणि बाहुली कोसळते. पायजम्याची जुनी नाडी सैल पडावी, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे नाडीसारखीच ही दोरीही बदलता येते.

ताण वाढवावा की घर्षण?

मग दोरी खूप घट्ट बांधली म्हणजे काम झाले, असे वाटेल. तसे होत नाही. गुडघा दुमडला की आतल्या दोरीचा मार्ग बदलतो आणि बहुधा तिला आणखी ताणावे लागते. दोरीला मात्र आखूड व्हायचे असते. म्हणून फार घट्ट बांधलेल्या बाहुलीचा दुमडलेला पाय एकदम झटका देऊन सरळ होतो. शिवाय जास्त ताणामुळे वाटीची पातळ कड चिरण्याचा धोकाही असतो.

सूत्राकडे पुन्हा पाहा. ताण न वाढवता घर्षण गुणांक वाढवला तरी चालेल. वाटीच्या आत मऊ चामड्याचा पातळ तुकडा चिकटवला, आणि गुणांक ०.४ वरून ०.६ झाला असे समजा. मग लागणारा ताण ७२० भागिले ०.७२, म्हणजे १००० ग्रॅम-भार होतो. तिसरा हिस्सा ताण कमी झाला! अनुभवी संग्राहक नेमका हाच उपाय करतात. आम्हीही नवी दोरी आधी सैल ओवली, मग थोडी थोडी आखूड करत गेलो आणि माझ्या जुन्या पाकिटाचे चामडे गोल कापून गुडघ्यांच्या व खांद्यांच्या वाट्यांत चिकटवले. बाहुली उभी राहिली.

लहान बाहुलीचे गणित

संग्राहकांच्या बाहुल्या साधारण तीन मापांत येतात. सुमारे साठ, चाळीस ते पंचेचाळीस आणि पंचवीस ते तीस सेंटिमीटर. सर्व बाबतींत निम्म्या आकाराची, म्हणजे तीस सेंटिमीटरची बाहुली घेतली, तर तिचे वजन निम्मे नव्हे, तर आठपट कमी भरेल, कारण घनफळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आपला ८० ग्रॅमचा हात १० ग्रॅमचा होईल. गुरुत्वमध्याचे अंतर ४.५ सेंटिमीटर, परिबल ४५ ग्रॅम-सेंटिमीटर, त्रिज्या ०.६ सेंटिमीटर आणि लागणारा ताण १८८ ग्रॅम-भाराच्या आसपास. म्हणजे ताणही आठपट कमी!

याचा अर्थ असा, की लहान बाहुली कमी ताणावर उभी राहते. तिला माल कमी लागतो, कपड्याला कापड कमी लागते आणि परदेशातून मागवायची तर वजनावर आकारला जाणारा वाहतूकखर्चही कमी पडतो. किंमत मात्र आठपट उतरत नाही. डोळ्यांची पापणी कोरायला मूर्तिकाराला लागणारी मेहनत बाहुली लहान आहे म्हणून कमी होत नाही. हा भेद लक्षात ठेवा. माल घनफळाप्रमाणे बदलतो, मेहनत तशी बदलत नाही.

किंमत कशाची?

मग महाग बाहुलीत आपण नेमके कशाचे पैसे देतो? रेझिनची बाहुली करण्यासाठी मूळ मूर्तीवरून सिलिकोन रबराचा साचा घेतात. त्यात दोन द्रव मिसळून ओततात. त्यांच्यातील रासायनिक क्रियेने पॉलियुरेथेन तयार होते व ते घट्ट होते. असा साचा काही डझन ओतकामांनंतर खराब होतो. प्रत्येक भाग हाताने घासून साफ करावा लागतो. चेहराही कुणीतरी हाताने रंगवतो. याउलट कठीण प्लॅस्टिकच्या बाहुल्या पोलादी साच्यातून यंत्राने निघतात. पोलादी साचा फार महाग असतो, पण त्यातून अगणित नग काढता येतात, म्हणून दर नगाला खर्च थोडा येतो. मऊ व्हिनाइलच्या बाहुल्याही याच कारणाने रेझिनपेक्षा स्वस्त असतात.

यावरून कमी पैशांत छंद जोपासू पाहणाऱ्याला पुढील गोष्टी सांगता येतील.

१. पहिली बाहुली लहान मापाची आणि यंत्राने बनवलेल्या प्लॅस्टिकची किंवा व्हिनाइलची घ्यावी. सांध्याचे सारे तत्त्व तीतही शिकता येते.

२. चेहरा न रंगवलेली बाहुली मिळत असेल तर ती घ्यावी. रंगकाम स्वतः शिकता येते आणि चुकले तर योग्य द्रावकाने पुसताही येते.

३. वापरलेली बाहुली 'सैल' आहे म्हणून स्वस्त मिळत असेल, तर तो दोष नसून संधी आहे. अशा वेळी गोळे, वाटीच्या कडा व बोटे मात्र नीट पाहावीत. दोरी बदलता येते. चिरलेली वाटी सहज बदलता येत नाही.

४. जुने रेझिन अतिनील किरणांमुळे पिवळट पडते व त्याची किंमत उतरते. रंग बदलला तरी गोळा गोलच राहतो. कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या भागांवर पिवळेपणा असेल तर बिघडले कोठे?

५. कपडे, टोप व पादत्राणे घरी करावीत. शिंप्याकडची चिंधीही येथे पूर्ण पोशाख ठरते.

एका स्वस्ताईपासून मात्र दूर राहावे. काही लोक दुसऱ्याच्या बाहुलीवरून साचा काढून, मूळ कलावंताला काही न देता नकला विकतात. ही चोरी आहे, हे पहिले कारण. दुसरे कारण भौतिक आहे. घट्ट होताना रेझिन किंचित आकसते. समजा, प्रत्येक वेळी ते एक टक्का आकसते. मग साठ सेंटिमीटरच्या बाहुलीची नक्कल ५९.४ सेंटिमीटरची आणि नकलेची नक्कल ५८.८ सेंटिमीटरची होईल. मूळ बाहुलीचा सुटा हात अशा नकलेला घट्ट बसेल की सैल, हे तुम्हीच सांगा. विक्रेता संशयास्पद वाटला, तर मूळ उत्पादकाने दिलेली मापे विचारून घ्यावीत आणि फूटपट्टी लावून पाहावी.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग वर्गात सहज होईल. शिवणाच्या दोऱ्याचे रिकामे रीळ, त्याच्या भोकापेक्षा मोठा लाकडी मणी, इलॅस्टिक, पेन्सिल आणि काडेपेटीच्या काड्या एवढेच साहित्य हवे. इलॅस्टिकच्या एका टोकाला काडीचा तुकडा बांधून ते मण्यातून ओवा. काडी अडकलेल्या बाजूला, मण्याच्या भोकावर, पेन्सिल पुट्टीने उभी चिकटवा. इलॅस्टिकचे दुसरे टोक रिळातून काढा, ताणा आणि दुसऱ्या काडीला बांधून अडकवा. झाला तुमचा खांदा.

रीळ आडवे घट्ट धरा. पेन्सिल आडवी ठेवून तिच्या टोकाला एक लहान झाकण टांगा आणि त्यात एकेक नाणे टाका. किती नाण्यांना पेन्सिल घसरते ते लिहून ठेवा. मग इलॅस्टिक आखूड करून पुन्हा मोजा. शेवटी रिळाच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबची पातळ कडी चिकटवा आणि ताण शक्यतो पूर्वीइतकाच ठेवून पुन्हा मोजा. आठवडाभर सांधा तसाच ताणून ठेवा आणि आठव्या दिवशी पाहा, नाणी कमी लागतात का?

एक सावधगिरीची सूचना. खऱ्या बाहुलीची दोरी ओढताना आकडा निसटून डोळ्याला लागू शकतो, म्हणून चेहरा दूर ठेवा. रेझिन घासण्याची वेळ आली तर ते कोरडे घासू नका. त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ओल्या पॉलिशपेपरने आणि तोंडावर योग्य मुखपट्टी लावूनच घासा.

भाचीची बाहुली आता तिच्या अभ्यासाच्या टेबलावर उभी आहे. परवा तिचे पत्र आले. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तिने बाहुलीचे दोन्ही हात वेगवेगळे तोलले होते. डावा हात उजव्यापेक्षा तीन ग्रॅमने जड भरला. पत्राच्या शेवटी तिने विचारले आहे, "मामा, दोन्ही हातांतून एकच दोरी जाते. मग ताण दोन्हीकडे सारखाच ना? तर आधी कोणता हात घसरेल?"

उत्तर मी तिला अजून कळवलेले नाही. ते आधी तुम्ही शोधा.