सहा महिन्यांनंतरही पाऊल सुधारतं

पक्षाघात झालेल्या माणसाला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक वाक्य ऐकवून जातो, "सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढं काही होत नाही." मला ते आधी नात्यातल्यांनी ऐकवलं, मग रुग्णालयातून घरी सोडताना एका डॉक्टरांनीही. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण या वाक्यानं माझं जवळजवळ वर्ष खाल्लं. ते आणखी कुणाचं खाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली आणि शरीराची डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली. घरी आल्यावर जे उपचार झाले ते बहुतेक पलंगावरच. सकाळी मालिशवाल्या बाई, दुपारी फिजिओ येऊन पाय उचलणार, गुडघा वाकवून सरळ करणार, विजेचे शेक देणार. कुणी कबुतराच्या रक्ताचं तेल आणून दिलं, तेही चोळून झालं. प्रत्यक्ष चालणं म्हणजे पलंगापासून संडासापर्यंत, तेही दोघांनी दोन्हीकडून धरून. सांधे आखडू नयेत म्हणून पलंगावरचे व्यायाम लागतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्यांनी चालणं येत नाही. मेंदूचा शाबूत भाग गेलेलं काम पुन्हा शिकतो तो तेच काम पुन्हा पुन्हा करून. चालणं हवं तर पायावर उभं राहून पावलं टाकावी लागतात, आणि तीही भरपूर.

सहा महिने संपले तेव्हा मी काठी घेऊन घरात पाय ओढत फिरत होते. 'आता एवढंच' म्हणून फिजिओ बंद झाला. पुढं काय होतं ते आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. चालणं होतं तिथं थांबलं नाही, मागं गेलं. पाऊल लोंबायला लागलं. ते उंबऱ्याला अडकू नये म्हणून पाय बाहेरून गोल फिरवून टाकायची सवय लागली. अंगाचा भार आला की डावा गुडघा मागं जायचा. माजघर ओलांडलं की धाप लागायची, धाप लागते म्हणून मी बसायचे, आणि बसून राहिल्यानं ताकद आणखी जायची. वाईट वळण असं पक्कं झालं की ते मोडायला दुप्पट मेहनत पडते.

मग भाचीच्या ओळखीतली एक तरुण फिजिओ आली. तिनं पायाला हातही न लावता आधी व्हरांड्यात दहा मीटरवर खडूनं दोन रेघा मारल्या आणि घड्याळ काढलं. "काकू, नेहमीच्या चालीनं या." दहा मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागले तर माणूस साधारण घरापुरतं चालणारा समजतात, साडेबारा सेकंदांच्या आत आला तर बाजारहाट करण्याइतका. मी २५च्या बरीच पलीकडे होते. आतापर्यंत माझं चालणं कुणी मोजलंच नव्हतं, आणि न मोजता सगळ्यांनी ते संपल्याचं ठरवलं होतं.

सहा महिन्यांची गोष्ट मी तिच्यापुढं काढली, तेव्हा तिनं अमेरिकेतल्या 'लीप्स' अभ्यासाची माहिती दिली. २०११ साली तो प्रसिद्ध झाला; ४०८ रुग्ण होते. एका गटाला आधाराचा पट्टा बांधून ट्रेडमिलवर चालवणं दोन महिन्यांनी सुरू केलं, दुसऱ्या गटाला मुद्दाम सहा महिन्यांनी. वर्षअखेर उशिरा सुरू केलेला गट पहिल्याच्या बरोबरीला आला होता. तिसऱ्या गटाकडून फिजिओनं घरी जाऊन ताकदीचे आणि तोल सावरण्याचे व्यायाम करून घेतले, तोही तेवढाच सुधारला. एकूण ५२ टक्के रुग्णांची चाल वरच्या पायरीला गेली. घरच्या व्यायामानंही तेवढंच साधलं, म्हणून मशीनवर चालवण्याच्या महागड्या पॅकेजसाठी दागिने मोडू नका. आणि एक धोकाही त्या अभ्यासात दिसला होता. ज्यांची चाल फार बिघडलेली होती आणि ज्यांना लवकर ट्रेडमिलवर घेतलं, त्यांच्यात वारंवार पडणारे जास्त निघाले.

माझा सराव व्हरांड्यात सुरू झाला आणि नंतर रंकाळा तलावाच्या पदपथावर गेला. कंबरेला रुंद पट्टा, मागून तो धरलेला तिचा हात. अर्धं मिनिट जमेल तितक्या वेगानं चालायचं, तेवढंच थांबायचं, पुन्हा चालायचं. हळूहळू, जपून चालणं हेच सुरक्षित असं आम्हाला वाटायचं. पण २०२३ मध्ये अमेरिकेतूनच ५५ जणांचा एक छोटा अभ्यास आला. पक्षाघाताला सहा महिने ते पाच वर्षं झालेली माणसं त्यात होती. आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे असं थांबत थांबत वेगानं चालणाऱ्यांचं सहा मिनिटांत कापलेलं अंतर सरासरी ७१ मीटरनं वाढलं; मध्यम गतीनं सलग चालणाऱ्यांचं २७ मीटरनं. चार आठवड्यांत फरक थोडाच होता, खरा दिसला तो बाराव्या आठवड्याला. महिनाभरात कंटाळून सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण हे स्वतःच्या मनानं करायचं काम नाही. माझी आधी हृदयाची तपासणी झाली. दर वेळी सुरुवातीला रक्तदाब बघितला जायचा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळं नाडीवरून मेहनत कळत नाही. तेव्हा तुटक बोलता येईल इतपत धाप, ही खूण. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली किंवा हातपाय आणखी लुळे पडले तर विश्रांती घेत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

घरच्यांना हात जोडून सांगते, उठवताना लुळा हात ओढू नका. माझा डावा खांदा तसाच दुखावला आणि अजून रात्री ठणकतो. धरायचं ते कंबरेच्या पट्ट्याला, आणि उभं राहायचं ते कमजोर बाजूला. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. पाऊल लोंबत असेल तर मापाचा स्प्लिंट करून घ्या, त्यात लाज कसली? घरात सपाता घालून फिरू नका, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला.

घरच्यांना शिकवलं की काम भागतं, असंही समजू नका. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेला 'अटेंड' अभ्यास २०१७ मध्ये आला. कुटुंबीयांना शिकवून घरीच व्यायाम करवून घेतला, तरी सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झालेलं दिसलं नाही. घरच्यांच्या मायेला जाणकाराची नजर लागतेच. रोज फिजिओ परवडत नसेल तर निदान ठरावीक दिवसांनी येऊन मोजमाप करणारा आणि सराव वाढवून देणारा कुणीतरी धरा.

मी आज काठीशिवाय चालत नाही आणि डावा हात फारसा सुधारलेला नाही. पण रस्ता ओलांडते, भाजी स्वतः निवडून आणते. तुमच्या घरात कुणी वर्षा-दोन वर्षांपासून 'आता एवढंच' म्हणून खुर्चीत बसलं असेल, तर डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात फिजिओला बोलवा, दहा मीटर मोजायला लावा आणि बारा आठवड्यांचा सराव लिहून मागा.