सागवान व त्याचा गाभा

गेल्या हिवाळ्यात इयत्ता नववीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही कार्ल्याची लेणी पाहण्यास गेलो होतो. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छतास लाकडाच्या फासळ्या बसविलेल्या आहेत. लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्या फासळ्याही त्याच काळच्या. इतिहासाच्या शिक्षकांचे विवेचन चालू असता एका मुलाने मला हळूच विचारले, "सर, या लाकडाला वाळवी कशी लागली नाही?" ते सागाचे आहे, एवढे उत्तर मी तेथे दिले. परंतु उत्तर देताना माझे मलाच ते अपुरे वाटले. कारण माझ्या स्वतःच्या घराची जी चौकट वाळवीने खाल्ली, तीही सागाचीच होती. त्या मुलास द्यावयाचे राहिलेले उत्तर येथे लिहीत आहे.

साग हा मूळचा आपल्या देशातील, तसाच ज्याला पूर्वी ब्रह्मदेश म्हणत त्या म्यानमारातील, थायलंडातील व लाओसातील रानांचा वृक्ष होय. संस्कृतात त्यास शाक म्हणतात. मलबारकडील 'तेक्कु' हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला, व त्यावरून इंग्रजी 'टीक' हे नाव रूढ झाले. सागाचे पान चांगले पत्रावळीएवढे असते, आणि कोवळे पान तळहातावर चोळले असता हात तांबडालाल होतो. रानाजवळच्या गावांतील मुलांना हे शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात पाने झडून झाड उघडे पडते, आणि पावसाळ्यात त्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. कोरड्या दिवसांत वाढ थांबते व पावसाबरोबर पुन्हा सुरू होते, म्हणून खोडाच्या आडव्या कापावर वर्षावर्षाची कडी उमटलेली दिसतात.

हा आडवा काप प्रत्येकाने एकदा लाकडाच्या वखारीत जाऊन लक्षपूर्वक पाहावा. सालीच्या आत फिकट, पांढुरका असा एक पट्टा असतो. त्याच्या आत सोनेरी तपकिरी रंगाचा गाभा असतो. पांढऱ्या भागास शास्त्रात रसकाष्ठ म्हणतात व गाभ्यास मध्यकाष्ठ. मुळांनी शोषलेले पाणी रसकाष्ठातून वर चढते. त्यात जिवंत पेशी असतात आणि झाडाने साठविलेले पिठूळ अन्नही असते. झाड जाड होत जाते तसतसे आतील थर हे काम सोडून देतात व तेथील पेशी मरतात. मात्र मरण्यापूर्वी त्यांत तेलकट द्रव्ये तयार होऊन साठतात. त्यांपैकी टेक्टोक्विनोन नावाचे एक द्रव्य वाळवीला सोसत नाही. शिवाय सागाच्या लाकडात रबरासारखा एक चिकट अंश असतो. त्यामुळे ते हाताला किंचित मेणचट लागते व पाणी सहसा आत शिरू देत नाही. झाडाचा जो भाग जिवंत असतो तो तोडल्यावर लवकर कुजतो, आणि जो आधीच मेलेला असतो तो शतकानुशतके टिकतो, ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मला मोठी विलक्षण वाटली होती.

आता माझ्या चौकटीविषयी. घर बांधताना मी एका व्यापाऱ्याकडून 'अस्सल सागवान' म्हणून चौकटी घेतल्या. त्यांवर सुंदर तपकिरी रंग चढविलेला होता. मी पदवीधर, वर्गात वनस्पतिशास्त्र शिकविणारा. पण तो रंग खरवडून पाहावा हे मला सुचले नाही. चौथ्या पावसाळ्यात उंबरठ्याजवळ बोट लावले तो बोट आत गेले. सुताराने पटाशीने वरचा पापुद्रा काढला तेव्हा आत मातीचे बोगदे होते. केवळ एका कडेला इंचभर रुंदीचा गाभा धडधाकट उभा होता. व्यापारी खोटे बोलला असे म्हणता येईना, कारण लाकूड सागाचेच होते. ते कोवळ्या झाडाचे होते एवढेच. कोवळ्या झाडात पांढरा भाग पुष्कळ व गाभा थोडा असतो, आणि जो असतो त्यातही ती संरक्षक द्रव्ये अद्याप पुरती भरलेली नसतात. सरकारी वनांत साग साधारणतः साठ ते ऐंशी वर्षांचा झाल्यावर तोडण्याचा प्रघात आहे, तो याचसाठी.

पक्क्या सागाचे इतर गुणही थोर आहेत. वाळलेल्या लाकडाच्या एका घनफुटाचे वजन सुमारे अठरा किलो भरते. म्हणजे बळाच्या मानाने ते हलके असते. वाळताना ते फार थोडे आक्रसते, त्यामुळे दारे पावसाळ्यात फुगून बसत नाहीत. दोषही सांगितले पाहिजेत. त्यात वाळूचा सूक्ष्म अंश असल्यामुळे करवतीची व रंध्याची धार लवकर बोथट होते. भुसा काहींच्या कातडीला व नाकाला बाधतो. आणि ते काहीसे ठिसूळ असल्यामुळे एकसारखे घाव सोसण्याच्या कामी येत नाही. गाडीची चाके करणारा सुतार बाभूळ निवडतो तो उगाच नव्हे.

सागाची खरी कसोटी समुद्रावर लागली. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात खिळा वर्षानुवर्षे शाबूत राहतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे.

परंतु अशी एक नौका म्हणजे किती वृक्ष, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी राज्यातील साग, शिसव इत्यादी वृक्ष परवानगीने तोडावेत असे सांगितले आहे. आंबा व फणस यांना मात्र हात लावू देऊ नये, कारण ती झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे बजावले आहे. मला येथे नेहमी असे वाटते की सागही वर्षा दोन वर्षांत होत नाही. तो कोणी लावलेला नव्हता, म्हणून त्याची कड घेणारे कोणी नव्हते. पुढे इंग्रजी अमलात गोद्यांनी मलबारची रानेच्या राने रिकामी केली. तेव्हा तेथील कलेक्टर कॉनॉली यांनी १८४० नंतरच्या दशकात निलंबूर येथे साग पेरण्यास घेतला, आणि ते काम चातू मेनन यांनी तडीस नेले. सागाच्या बियांचे कवच कठीण असते, त्यामुळे आरंभीचे प्रयत्न फसले होते. बी आलटूनपालटून भिजवावे व वाळवावे म्हणजे ते रुजते, हे आता सर्वांस ठाऊक आहे. त्या लागवडीचा काही भाग निलंबूरला अद्याप जपून ठेवलेला आहे.

पालकांपैकी कोणास दारे, खिडक्या वा मुलीसाठी पलंग करावयाचा असेल, तर रंग दिलेला माल घेऊ नये. फळीचे टोक पाहावे. तेथे पांढरा पट्टा आहे की नाही ते लगेच दिसते. मग एका कोपऱ्यावर रंधा मारावयास सांगावा. ताजा गाभा कधी हिरवट, कधी काळसर रेघांचा दिसतो. चार दिवस उजेडात राहिला की सोनेरी होतो. त्याला कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो, आणि हा वास रंगाने आणता येत नाही.

माझी नवी चौकट मी जुन्याच लाकडाची केली. शेजारच्या गावी एक वाडा पाडीत होते, तेथील तुळई सुताराने निवडून आणली. वरून ती धुराने काळी पडली होती व तिच्यात भोके होती, म्हणून घरातील मंडळींनी नाके मुरडली. सुताराने अंगणात तिच्यावर रंध्याचे दोन हात मारले, आणि तो चामड्यासारखा वास थेट ओसरीपर्यंत आला.