कुंडी बदलल्यानंतरचे आठ दिवस

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १६ ते १८



चौथ्या अध्यायातले हे तीन श्लोक वाचताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. कर्म कशाला म्हणायचं आणि अकर्म कशाला, यात भले भले जाणकारही गोंधळतात, असं भगवंत आधीच बजावतात. मग कर्म, विकर्म, अकर्म हे तीन शब्द येतात. आणि अठराव्या श्लोकात ते प्रसिद्ध कोडं समोर येतं. करण्यातलं न-करणं आणि न-करण्यातलं करणं ज्याला ओळखता येतं, त्याला भगवंत खरा शहाणा म्हणतात.

कोड्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर आपण पुष्कळ ऐकलेलं असतं. काम करायचं पण 'मी केलं' हा भाव ठेवायचा नाही. इथे माउलींनी ज्ञानेश्वरीत नावेचा दृष्टांत दिला आहे. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात, पण नीट पाहिलं तर झाडं जागच्या जागीच असतात. सूर्य उगवताना-मावळताना चालल्यासारखा दिसतो, तसंच ज्ञानी माणसाचं कर्म. हे निदान डोक्याला तरी पटतं.

दुसरा अर्धा भाग मात्र हातातून निसटतो. न करण्यात कर्म? म्हणजे नुसतं बसून राहणं हेही काम? तसं असेल तर तिसऱ्या अध्यायात, काहीच न करण्यापेक्षा कर्म करणं चांगलं, असं भगवंतांनी का सांगितलं? आज या दुसऱ्या भागाकडे बघू या, आणि त्यासाठी उदाहरण घेऊ घरातल्या निवडुंगाच्या कुंडीचं.

निवडुंग आणि देवाधर्माचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून देवाचं हे नाव पडलं, असं सांगतात. आषाढी वारीत तुकोबारायांच्या पालखीचा पुण्यातला मुक्काम याच देवळात असतो. तेव्हा काटेरी झुडपाशी आपल्या विठोबाला काही वावडं नाही!

करण्याचा भाग

निवडुंगाची कुंडी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. खालच्या भोकातून मुळं डोकावायला लागली, झाड डोईजड होऊन कलायला लागलं, किंवा पाणी घातल्यावर ते मातीत न मुरता कडेने सरळ खाली निघून गेलं, की वेळ झाली समजायचं. नर्सरीतून आणलेली लहान झाडं बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटमध्ये असतात. ते ओलं झालं की फार दिवस ओलं राहतं आणि एकदा कडक वाळलं की पाणी धरत नाही. अशा झाडाची कुंडी लवकर बदललेली बरी.

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च हा काळ चांगला. थंडी ओसरलेली असते, उन्हाचा तडाखा सुरू व्हायचा असतो आणि पावसाळा लांब असतो. भर पावसाळ्यात हे काम काढू नये.

आधी सहा-सात दिवस पाणी बंद करायचं. कोरडी माती मुळांपासून सहज सुटते. झाड धरायला वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्टी बनवायची आणि ती झाडाभोवती गुंडाळून दोन्ही टोकं चिमटीत धरायची. फड्या निवडुंगाचं झाड असेल तर विशेष जपा. त्याच्या मोठ्या काट्यांपेक्षा बुडाशी असलेली केसासारखी बारीक कुसळं जास्त त्रास देतात. बोटात घुसली तर चिकटपट्टी लावून ओढायची, चोळायची नाहीत.

झाड बाहेर काढल्यावर जुनी माती हलक्या हाताने झाडायची. जी सुटेल ती सुटू द्यायची, मुळांना घट्ट धरून बसलेली खरवडायची नाही. मुळं नीट बघायची. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, ते पुसून काढायचे. काळी, मऊ पडलेली मुळं स्वच्छ सुरीने कापून टाकायची. मग झाड दोन-तीन दिवस सावलीत, मातीबाहेर तसंच ठेवायचं, म्हणजे कापलेल्या जागा सुकतात.

नवी कुंडी जुनीपेक्षा एखादाच इंच मोठी घ्यावी. खूप मोठी घेतली तर मुळं पोचलेली नसतात तिथली माती ओलीच राहते आणि कुजणं सुरू होतं. मातीची कुंडी उत्तम, आणि खाली भोक हवंच. मिश्रणात निम्मी तरी जाडी वाळू आणि विटांचे बारीक तुकडे असावेत, उरलेल्यात माती आणि थोडं चांगलं कुजलेलं खत. झाड आधी जितकं खोल होतं तितकंच आताही लावायचं.

इथे हाताचं काम संपलं. आता श्लोकाकडे येऊ.

न करण्याचा भाग

कोणतंही रोप लावलं की आपला हात आपोआप तांब्याकडे जातो. तुळस लावली, पाणी घातलं. मोगरा लावला, पाणी घातलं. निवडुंगाच्या बाबतीत नेमकं इथेच थांबायचं असतं. नव्या कुंडीत लावल्यावर सात-आठ दिवस पाण्याचा थेंबही नाही. कडक ऊनही नाही, नुसता उजेड.

याला कारण आहे. कुंडी बदलताना कितीही जपलं तरी बारीक मुळं तुटतात. प्रत्येक तुटलेलं टोक ही उघडी जखम असते. माती कोरडी असेल तर त्या जखमेवर खपली धरते. माती ओली असेल तर त्याच जखमेतून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात आणि झाड खालून कुजायला लागतं. वरून काहीच कळत नाही. कळतं तेव्हा बुंधा मऊ पडलेला असतो. निवडुंग तहानेने क्वचित मरतो. माणसांच्या मायेने जास्त मरतो.

या आठ दिवसांत झाड जरा सुरकुततं. त्याच्या अंगावरच्या उभ्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या असतात, पाणी असलं की फुगतात आणि नसलं की मिटतात. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. पण ते झाड साठवणीवर जगणं जाणतं. त्याची सूक्ष्म रंध्रं दिवसा बंद असतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि दिवसा उजेड आला की त्यातून अन्न तयार करतं. भर दुपारी आपल्याला ते निपचित दिसतं. प्रत्यक्षात आत काम चालू असतं, खाली मातीत मुळं भरून येत असतात. आपण पाणी घालत नाही, म्हणूनच हे सगळं घडू शकतं.

अकर्मात कर्म म्हणतात ते इथे डोळ्यांना दिसतं. त्या आठ दिवसांतलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे तांब्या खाली ठेवणं.

मग आळस कशाला म्हणायचं?

ही शंका रास्त आहे. कुंडी कोपऱ्यात ठेवून विसरून गेलेला माणूसही पाणी घालत नाही. दोघांची कुंडी कोरडीच. फरक लक्ष देण्यात आहे. विसरलेला माणूस बघत नाही. थांबलेला माणूस रोज बघतो. उजेड पुरेसा आहे ना, झाड कललं तर नाही ना, बुंधा मऊ किंवा काळा तर पडत नाही ना. आणि तसं दिसलं तर तो आठ दिवसांच्या नियमाला चिकटून बसत नाही. लगेच झाड उपटून, कुजका भाग कापून पुन्हा सुकवतो. हात थांबलेला असतो, मन हजर असतं. आळसात हातही नसतो आणि मनही नसतं.

अतिकाळजीत याच्या उलट होतं. हात सतत चालतो, पण तो झाडासाठी चालतो की स्वतःची बेचैनी घालवण्यासाठी? पाणी घातल्यावर आपल्याला बरं वाटतं. झाडाला वाटतं का, हा प्रश्न आपण विचारत नाही. चौथा अध्याय कर्त्याच्या मनात डोकवायला सांगतो तो इथे.

माणसांच्या बाबतीत

हे सगळं एका निवडुंगासाठी नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्या घरांत माणसांच्याही कुंड्या बदलतात. लग्न होऊन आलेली सून, हॉस्टेलवर गेलेला मुलगा, परदेशी गेलेली बहीण, गाव सोडून शहरात आलेले म्हातारे आईवडील.

आई गेल्यावर आमचे बाबा गावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले. पंचाहत्तरीला आलेला माणूस, उभा जन्म एका अंगणात गेलेला, आणि आता चौथ्या मजल्यावर. येताना त्यांनी पितळी तांब्या, रेडिओ आणि आईची जपाची माळ एवढंच आणलं. बोलणं जवळजवळ बंद. पहिल्याच आठवड्यात सगळीकडून सल्ले सुरू झाले. त्यांना ज्येष्ठ नागरिक संघात घाल. भजनी मंडळाला ने. स्मार्टफोन शिकव. फिरायला ने, मन रमेल. सगळे मायेनेच सांगत होते.

बायको म्हणाली, "बाबांना थोडे दिवस नुसतं बसू दे." तेवढंच ठरवलं. सकाळी सहाला आणि दुपारी चारला चहा, ठरल्या वेळी जेवण, आणि रात्री त्यांच्याजवळ अर्धा तास बसायचं. ते बोलले तर ऐकायचं, नाहीतर रेडिओ ऐकायचा. तांब्या जुना झालाय म्हणून बदलायचा नाही. माळ उशाशी असते, ती हलवायची नाही. मुळांना धरून बसलेली माती खरवडायची नाही, ती हीच.

लक्ष मात्र रोज होतं. जेवण जातंय का, झोप लागते का, औषध घेतात का. यातलं काही बिघडलं असतं, जेवण तुटलं असतं किंवा जगणं नकोसं झाल्याचं बोलले असते, तर थांबणं चुकीचं ठरलं असतं. तेव्हा तडक डॉक्टरांकडेच जायचं. बुंधा मऊ पडल्यावर वाट बघत नाहीत.

साधारण दीड महिन्याने एका सकाळी ते आपण होऊन म्हणाले, "खाली भाजीवाला कुठं बसतो रे?" पिशवी घेतली आणि गेले. मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले, महाग पडल्या म्हणून कुरकुरत. दुःख संपलं असं नाही. अजूनही संध्याकाळी ते गॅलरीत बराच वेळ गप्प बसतात. पण नवी मातीही आता त्यांना धरायला लागली आहे.

त्या दीड महिन्यात मी त्यांच्यासाठी काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फारसं काही नाही. आणि हाच या श्लोकाचा मला लागलेला अर्थ आहे. जे वाढवायचं ते वाढवणारा वेगळा आहे. आपण माती बदलायची, कुंडी नीट निवडायची, उजेडात ठेवायची आणि मग त्याच्या कामात हात घालायचा नाही. आठ दिवसांनी पाणी द्यायचं, तेही भरपूर, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत. पुढचं पाणी माती पूर्ण वाळल्यावर.

आजचा अभ्यास

आज एका माणसाचं नाव मनात आणा, ज्याची कुंडी नुकतीच बदलली आहे. त्याला तुम्ही रोज जे देताय, सल्ला, फोन, चौकशी, त्यातलं किती त्याच्यासाठी आहे आणि किती तुमच्या बेचैनीसाठी, हे प्रामाणिकपणे बघा. आज त्यातलं एक कमी करा. पण बघणं कमी करू नका.

प्रार्थना

विठ्ठला, कधी हात लावायचा आणि कधी हात आवरायचा, हे मला कळू दे. हात आवरला तरी नजर हटू नये, एवढी माया दे. आणि जे मातीखाली, माझ्या नजरेआड चाललंय, ते तुझ्या हातात आहे यावर माझा विश्वास राहू दे.

राम कृष्ण हरी.