दुभत्यावर डोळा (गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२)

॥ श्रीहरी ॥

मंडळी, सतराव्या अध्यायात आपण आज दानाच्या श्लोकांपाशी आलो. आहार झाला, यज्ञ झाला, तप झालं. आता भगवंत दानाचेही तेच तीन भाग करतात. द्यायला हवं म्हणून दिलेलं, ज्याच्याकडून उलट काही मिळायचं नाही अशा अनुपकारी माणसाला, योग्य जागी, योग्य वेळी आणि पात्र बघून दिलेलं, ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने किंवा फळाकडे बघत दिलेलं, नाहीतर देताना जीव तुटतोय आणि तरी दिलेलं, ते राजस. आणि समोरच्याचा मान न राखता, तुच्छतेने, नको त्या वेळी नको त्याला दिलेलं, ते तामस.

श्लोक सोपे आहेत. शाळेत पाठही होते. पण गेला महिनाभर मी या तीन श्लोकांना टाळत होतो, आणि का टाळत होतो ते आज सांगून टाकतो.

तुमच्यापैकी काही जणांना ठाऊक आहे की येत्या रविवारी मी मुंबई मॅरेथॉनमध्ये हाफ, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर जवळजवळ शंभर मीटर, धावणार आहे. वय ५४, गुडघे त्याहून थोडे मोठे. धावतोय ते डायलिसिसच्या रुग्णांसाठी पैसे उभे करायला. आमचा दादा पावणेतीन वर्षं डायलिसिसवर होता. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. दिवसाला किती पाणी प्यायचं तेही ठरलेलं, दादा वाटीने मोजून प्यायचा. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर भाजी विकणाऱ्या एक मावशी यायच्या. कधी यायच्या, कधी नाही. यंत्राचा खर्च कुठून कुठून भागायचा, पण रिक्षा, इंजेक्शन आणि बुडालेला धंदा कोण भरून देणार? तीनाच्या जागी दोनदा, मग एकदा. एका सोमवारी खुर्ची रिकामी राहिली, ती राहिलीच. दादा नंतर पुष्कळ दिवस त्यांच्याबद्दल बोलायचा. स्वतःबद्दल कमी.

तर हे खरं कारण. आता वेशाचं.

२००४ पासून ही मॅरेथॉन होते आहे आणि छोट्या अंतराच्या ड्रीम रनमध्ये लोक नाना सोंगं घेऊन येतात. मी म्हटलं, आपण हाफमध्येच वेश घालू, म्हणजे लोकांचं लक्ष जाईल आणि पैसे जास्त येतील. वासुदेव व्हायचं ठरलं. मोरपिसांची उंच टोपी, पांढरा घोळदार अंगरखा, कमरेला शेला, त्यात खोचलेला पावा, हातात टाळ-चिपळ्या, पायांत घुंगरू, काखेत झोळी. दारोदार दान मागत फिरणाराच तो, यापेक्षा योग्य वेश कुठला?

सगळं घरी केलं. टोपीचा सांगाडा दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्यांचा. खरी पिसं घामाने भिजून चिकटतील म्हणून हिने आपल्या जुन्या निळ्या-हिरव्या रेशमी साडीची पिसं कापली, एकेकावर डोळा शिवला. एकशे दहा डोळे. अंगरखा आधी घोट्यापर्यंत होता. उपवनहून येऊरच्या चढावर पहिल्यांदा पळालो तेव्हा तो असा पायांत आला की रिक्षावालाच थांबून म्हणाला, काका, सोडू का घरी? मग गुडघ्यापर्यंत कापला आणि बाजूंना चिरा दिल्या. घुंगरू पायागणिक पंचवीस होते, ते पाच केले. काखेत व्हॅसलिन थापलं. शर्यतीच्या दिवशी अंगावर नवीन काही घालू नये हा धावणाऱ्यांचा जुना नियम आहे, म्हणून दर रविवारची लांब धाव या सोंगातच. टोपी मात्र ऐकेना. दोन फुटांची होती, खाडीच्या पुलावर वारा लागला की शिडासारखी फुगायची आणि मान मागे ओढायची. पुढे सी लिंक आहे, हे आठवून पोटात गोळा यायचा.

आणि फोटो. ते सांगायलाच हवं. टोपीचा पहिला फोटो टाकला आणि कौतुकाचा पाऊस पडला. मी दर तासाला बघायला लागलो. किती जणांनी बघितलं, कोणी काय लिहिलं, कोणी पैसे दिले, कोणी नुसताच अंगठा दाखवला. चुलत मेहुण्याने एवढा पगार असून ५०१ दिले, हे माझ्या डोक्यात दोन दिवस होतं. पाच हजारांवर देणाऱ्यांची नावं अंगरख्याच्या पाठीवर रंगवायची असंही मी जाहीर करून बसलो. ही म्हणाली, "अहो, मग पाचशेवाल्यांचं काय? त्यांची पाठ नाही का?" मी हसून उडवलं.

याच सुमारास ज्ञानेश्वरी उघडली. राजस दानाला माउलींनी जे दाखले दिलेत ते सगळे आपल्या घरातले, अंगणातले आहेत. दुभत्यावर मन ठेवून गाईला चारा घालणं. आहेरावर नजर ठेवून सोयऱ्याला आवतण देणं. व्याज आधी गाठीला बांधून मग दुसऱ्याचं काम करणं. तिथे बोट ठेवून मी पुस्तक मिटलं. गाय उपाशी नाही राहिली, चारा पोटात गेला. पण चारणाऱ्याचं लक्ष कुठे होतं? भांड्यात.

पुस्तक मिटलं तरी विषय मिटत नाही. मागच्या गुरुवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी खरा वासुदेव आला. हल्ली वर्षा-दोन वर्षांतून एखादा दिसतो. वॉचमन त्याला पुढे जा म्हणत होता. मी धावत खाली गेलो. कशासाठी, तर टोपी जवळून बघायला. वीस रुपये झोळीत टाकले आणि त्याच हाताने मोबाइल काढला. म्हटलं, बाबा, जरा टोपी उतरवून दाखवता का, आतून कशी बांधलीय? फोटो घेतो.

त्यांनी टोपी उतरवली नाही. विचारलं, "कशापायी?"

मी सगळं सांगितलं. मॅरेथॉन, दादा, डायलिसिस, वेश.

"म्हंजे तुमी बी मागायलाच निघालाय."

"हो, तसंच."

"मग दान पावलं म्हनता का न्हाई?"

मी म्हटलं, मेसेज करतो की सगळ्यांना, आभाराचा. ते हसले. म्हणाले, "आभार न्हवं. आमी घेतो ते आमचं नसतंय. इठोबाला पावलं, खंडोबाला पावलं, संतास्नी पावलं म्हनून पुढं धाडायचं, मग पीठ झोळीत. तुमच्याकडं पावतंय कुनाला?"

मला उत्तर सुचलं नाही. वीस रुपये देऊन मी त्यांच्याकडून नमुना विकत घ्यायला निघालो होतो, तेही फाटकात उभं करून. राजस म्हणावं की तामस, दोन्ही श्लोक त्या एका नोटेत बसले. वर घेऊन गेलो, चहा दिला, हिने सुपातून तांदूळ आणले. परवानगीही विचारली, तुमचा वेश घालून पळालो तर राग नाही ना येणार? म्हणाले, "पळा की. फकस्त येड्यागत नाचू नका." मग स्वतःहून टोपी उतरवून दाखवली. आत कापडाची चुंबळ होती, डोक्यावर घागर घेताना बायका करतात तशी. उंची नडत नाही, बैठक नसली की टोपी डुलते. माझ्या टोपीला बैठकच नव्हती.

त्या रात्री हिशेबाची वही काढली. त्रेसष्ट जणांची नावं. माझं नव्हतं. नाव नोंदणीची फी भरली होती, बूट घेतले होते, घाम गाळत होतो, म्हणून माझा वाटा दिलाच गेला असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्याच्या ५०१ वर दोन दिवस घालवणाऱ्या माणसाने स्वतः रुपया दिला नव्हता. तो सकाळी दिला. किती ते सांगत नाही. दिला हे सांगितलं, तेवढ्यानेही भांडं थोडं पुढे सरकलंच म्हणा.

एक प्रश्न मात्र अजून मनात आहे आणि तो तुमच्यापुढेही ठेवतो. पाठीवरच्या नावांचं काय करायचं? नावं नकोत म्हटलं तर दोघे-तिघे नाराज होतील, कदाचित पुढच्या वर्षी देणार नाहीत. आणि ज्या बाईला इंजेक्शन मिळणार आहे तिला ते सात्त्विक पैशाचं की राजस पैशाचं, याने काय फरक पडतो? तिचा सोमवार चुकत नाही एवढंच खरं. मला वाटतं, हे श्लोक दुसऱ्याचं दान तोलायला दिलेलेच नाहीत. तराजू घरातला आहे, तो घरातच वापरायचा. म्हणून ज्यांना शब्द दिला त्यांची नावं पाठीवर राहतील. पाचशेवाल्यांचीही लिहिली. हिने बारीक अक्षरात रात्री दोन वाजेपर्यंत बसून सगळी त्रेसष्ट बसवली. माझं नाव नाही आणि पाठ माझीच असल्यामुळे धावताना मला त्यातलं एकही दिसणार नाही, हे बरं झालं. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.

टोपी एक फुटावर आणली. साठ डोळे कमी झाले, हिला वाईट वाटलं. चुंबळ दादाच्या पंचाची केली आहे. वाटीने पाणी प्यायचा तेव्हा मांडीवर घेऊन बसायचा, तोच. काल पहाटे खाडीच्या पुलावर तीन फेऱ्या मारल्या. वारा होता. टोपी हलली नाही.

श्लोक २३, ॐ तत्सत्‌चा, सोमवारी घेऊ. जिना उतरता आला तर.

राम कृष्ण हरी.