सेवा करणाऱ्याचे दुःख



आज अभ्यासाला घेतलेला विषय मला प्रथम ग्रंथात सापडला नाही. संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या एसटीतून उतरून तो आमच्या वडीगोद्रीच्या वस्तीत आला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. बारावीनंतर तिने रुग्णसेवेचा कोर्स केला आणि शहरातील एका ब्युरोमार्फत घरोघरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याचे काम धरले. शेवटचे काम अडीच वर्षे टिकले. अंथरुणाला खिळलेल्या एक आजी होत्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, डायपर बदलायचा, पाठीला जखम होऊ नये म्हणून अंग कोरडे ठेवायचे, चमच्याने पेज भरवायची, केस विंचरायचे. एका पहाटे आजी गेल्या. मुलीने त्यांचे डोळे मिटले, हनुवटीला फडके बांधले, अंग पुसून धुतलेले लुगडे नेसवले. मग नातेवाईक जमले आणि तिला मागच्या बाजूला जाऊन बसायला सांगण्यात आले. दुपारी ब्युरोचा फोन आला, उद्या सकाळी दुसऱ्या पत्त्यावर हजर राहा. ती गेली नाही. पिशवी उचलून घरी आली.

घरी काय झाले? आई म्हणाली, "मयताच्या घरून आलीस, आधी अंघोळ कर, मग आत ये." वडील म्हणाले, "आपली कोण होती ती? पगार चुकता केला ना त्यांनी?" मुलगी जेवेना, म्हणून तिसऱ्या दिवशी मला बोलावले. मी शिकलेला माणूस! मी तिला अनित्यतेवर व्याख्यान दिले. जे उत्पन्न होते ते नष्ट होते, वगैरे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, ते मला माहीत आहे. डोळे मीच मिटले त्यांचे."

मी गप्प घरी आलो. तिला जे सांगायला हवे होते ते त्या दिवशी मला ठाऊक नव्हते. पुढचे काही आठवडे मी जे वाचले, विचारले आणि जुळवले ते आपल्यापुढे ठेवतो, कारण आपल्या कित्येक घरांतील मुली, सुना आणि आता मुलगेही या कामात आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती, आणि ज्यांची मुले दूर गेली त्यांना सांभाळायला कोणीतरी पगारी माणूस लागतेच.

प्रथम वडिलांच्या रागाविषयी. तो पैशाचा राग नव्हता, हे मला नंतर कळले. ओट्यावर बसून ते म्हणाले, "मेलेल्यांची कामे करायला शिकवले का हिला?" बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावात कोणी मेले की परगावी सांगावा घेऊन धावायचे महाराने, चितेची लाकडे वाहायची महाराने, मेलेले ढोर ओढायचे महाराने. प्रेतावरचे कापड हा त्याचा 'हक्क' मानला जाई! परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस सोडा म्हणून सांगितले, आणि आपल्या वाडवडिलांनी उपास काढून ती कामे टाकली. तेव्हा मुलगी परक्या घरचे मळमूत्र काढते, प्रेत धुते हे ऐकून म्हाताऱ्याच्या पोटात कालवले तर त्यात नवल नाही.

पण येथे नीट विचार करावयास हवा. ते काम आपल्यावर जन्माने लादलेले होते. त्याला नकार देता येत नव्हता, आणि ते करणाऱ्याच्या सावलीचाही विटाळ होई. आजच्या मुलीने शिकून, मोबदला ठरवून, सोडण्याच्या अधिकारासह हे काम घेतले आहे. मोबदला कमी असेल तर त्यासाठी भांडले पाहिजे. काम मात्र हीन नाही. १८९७ साली पुण्याला प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलाला त्यांनी पाठीवर आणले, त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

आता भगवान बुद्धांकडे येऊ. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मळमूत्रात पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून त्याच्याकडेही कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने अंग धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. मग भिक्खूंना बोलावून भगवंतांनी समजावले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात भगवंतांच्या करुणेविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात आजाऱ्यांविषयीची त्यांची ही कळकळ मुद्दाम सांगितली आहे.

परंतु त्याच महावग्गात थोडे पुढे जे आहे ते मलाही माहीत नव्हते. एखादा भिक्खू मरण पावला तर त्याची चीवरे आणि भिक्षापात्र कोणाचे? नियमाने ते संघाचे. पण शुश्रूषा करणाऱ्यांचे उपकार फार मोठे असतात, असे सांगून भगवंतांनी ती चीवरे व ते पात्र त्यांना देण्याची अनुज्ञा दिली. शुश्रूषा करणारा लहानसा श्रामणेर असला तरी त्याला भिक्खूइतकाच वाटा! पुन्हा वाचा. गावगाड्यात मेलेल्याचे कापड जन्मावरून मिळत होते आणि ते घेणाऱ्याची मान खाली जात होती. संघात मेलेल्याचे वस्त्र सेवेवरून मिळत होते, आणि देताना भर संघात सेवा करणाऱ्याचे नाव घेतले जात होते. मरणाऱ्याशी याचे नाते होते, याचे काहीतरी गेले आहे, हे संघाने उघडपणे मान्य केले.

आमच्या मुलीला हेच मिळाले नाही. केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखावर पुस्तक काढले. त्याच्या कल्पनेला आपण 'हक्क नाकारलेला शोक' म्हणू. मुलगा रडला तर लोक पाठीवर हात ठेवतात. जिने अडीच वर्षे रात्री जागवल्या ती रडली तर विचारतात, तुझी कोण होती ती? मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्णांसाठी. अशा संस्थेत निदान शेजारच्या खाटेजवळ दुसरी परिचारिका उभी असते, ती समजून घेते. परक्या घरात एकटीने काम करणारीला तेवढेही कोणी नसते.

मग धम्म तिला रडू नको म्हणतो काय? आनंदाचे उदाहरण पाहा. आनंद पंचवीस वर्षे भगवंतांचा उपट्ठाक, म्हणजे सेवा करणारा होता. शेवटी भगवंत ऐंशी वर्षांचे झाले होते. अंग चोळताना त्वचेच्या सुरकुत्या आणि पुढे वाकलेला देह पाहून आनंदाने ते बोलूनही दाखवले होते. म्हणजे आजच्या भाषेत तो एका वृद्धाला सांभाळणारा माणूस होता. कुसिनाराला शेवट जवळ आला तेव्हा तो आत जाऊन दाराला धरून रडू लागला. अनित्यतेचा उपदेश त्याच्याइतका कोणी ऐकला होता? तरी तो रडला. भगवंतांनी विचारले, आनंद कुठे आहे? निरोप पाठवून त्याला जवळ बोलावले. शोक करू नकोस, असे ते म्हणाले खरे. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. तू दीर्घकाळ कायेने, वाणीने, मनाने मैत्रीपूर्वक माझी सेवा केलीस, असे त्याच्या कामाचे मोल त्याला सांगितले, आणि मग इतर भिक्खूंपुढे त्याचे गुण वर्णन केले. मी त्या मुलीला पहिला अर्धा भाग सांगितला आणि दुसरा गाळला. अनित्यता ही ज्याने त्याने स्वतः पाहावयाची गोष्ट आहे. रडणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी ती वापरू नये.

स्वतः भगवंतांचे पाहा. सारिपुत्र आणि मोग्गलान गेल्यानंतर गंगेकाठी बसलेल्या भिक्खुसंघाकडे पाहून, ही सभा मला रिकामी वाटते, असे ते म्हणाले. शोकाने ते वाहून गेले नाहीत. पण रिकामी जागा त्यांना दिसली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

आता दुसऱ्या बाणाविषयी, कारण त्यानेच ही मुलगी जास्त जखमी होती. संयुक्त निकायात भगवंतांनी दृष्टांत दिला आहे: माणसाला एक बाण लागतो, आणि मग तो मनाने स्वतःवरच दुसरा मारून घेतो. वियोग हा पहिला बाण. "शेवटचे चार दिवस त्या खात नव्हत्या, मी आणखी भरवायला हवे होते," हा दुसरा. या दुसऱ्याला ज्ञानाने काढता येते, म्हणून सांगतो. जराजर्जर देह शेवटाकडे जाऊ लागला की भूक जाते, झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. माणूस खात नाही म्हणून मरत असतो असे नाही. देह मिटत चालला आहे म्हणून तो खात नाही. अशा वेळी बळजबरीने भरवले तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ओठ ओले करणे, कूस बदलणे, हात धरून बसणे, नाव घेऊन बोलणे (ऐकण्याची शक्ती पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते असे डॉक्टर मानतात) एवढेच सेवा करणाऱ्याच्या हाती असते. मी तिला विचारले, यातले तू काय केले नाहीस? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "सगळे केले." त्या रात्री ती भाकरी खाऊन झोपली, असे आईने दुसऱ्या दिवशी सांगितले.

म्हणून घरच्यांना माझी विनंती आहे. अशा कामावरून कोणी परतले तर दारातच अंघोळीची भाषा नको. हात धुणे, कपडे धुवायला टाकणे ही स्वच्छता झाली. विटाळ आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो, किंवा आत्ता गेल्या वर्षी आपल्या गावात सोडला. आधी विचारा, गेलेल्याचे नाव काय होते? त्यांना काय आवडत असे? मग ऐका. दोन-तीन दिवस तरी दुसऱ्या कामावर पाठवण्याची घाई करू नका. ब्युरोशी बोलायचे असेल तर घरच्या मोठ्याने बोलावे. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नाही, जगण्यात अर्थ नाही असे ती बोलू लागली तर उपदेश थांबवून सरळ अंबडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीबेरात्री फुकट बोलता येते.

हे केवळ शहरात काम करणाऱ्यांपुरते नाही. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि म्हातारी माणसे मागे राहतात. शेजारची बाई त्यांना भाकरी देते, औषध देते, आणि कधी तिच्याच हातावर तो जीव जातो. तिला तर पगारही नसतो. मुले कारखान्यावरून येतात, सगळे उरकून परत जातात, आणि त्या बाईची विचारपूस करण्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. आपण श्राद्ध-पिंडदान सोडले ते योग्यच केले. पण त्या जागी शोकाला बसायला एक स्वच्छ सतरंजी तरी आपण टाकली पाहिजे.

पुढच्या पौर्णिमेला आमच्या विहारात पुण्यानुमोदनाच्या वेळी मी त्या मुलीला विचारले, आजीचे नाव घ्यायचे का? काही जण कुजबुजले, ती आपल्यातली नव्हती म्हणून. तिच्या वडिलांनीच त्यांना गप्प केले. मुलगी म्हणाली, एकच कसे घेऊ? वृद्धाश्रमात होते तेव्हाचीही माणसे आहेत. तिने वहीत सात नावे लिहिली. सातव्याचे नाव तिला कधी कळलेच नव्हते, तेथे तिने लिहिले, "खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा, चहात साखर जास्त लागायची." मी तसेच वाचले. दोन दिवसांनी ती सकाळच्या गाडीने कामावर गेली, वही पिशवीत घेऊन.