नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा : स्वयंअध्ययन की शिकवणी वर्ग?

एटीएममधून काढलेली रोकड असो, दुसऱ्या शहरातील खात्यात पाठविलेली रक्कम असो वा शाखेच्या खिडकीवर भरलेला धनादेश असो, या प्रत्येक व्यवहारामागे संगणकांना परस्परांशी जोडणारे एक जाळे अहोरात्र कार्यरत असते. हैदराबाद येथे १९९६ साली रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेने १९९९ साली ‘इन्फिनेट’ हे बँकांसाठीचे जाळे कार्यान्वित केले. पुढे कोअर बँकिंग आले आणि खेड्यापाड्यांतील शाखाही मध्यवर्ती संगणकाशी जोडल्या गेल्या. अशी जाळी उभारणारा व सांभाळणारा तंत्रज्ञांचा एक वर्गही त्याबरोबर तयार झाला.

या क्षेत्रात प्रवेश करू इच्छिणारे अनेक तरुण सिस्को कंपनीच्या ‘सीसीएनए’ या प्रमाणपत्राकडे वळतात. १९९८ साली सुरू झालेल्या या परीक्षेला बसण्यासाठी विशिष्ट पदवीची अट नाही. त्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याप्रमाणेच वाणिज्य शाखेचा पदवीधरही तिचा विचार करू शकतो. मात्र नाव नोंदविण्यापूर्वीच घरात एक प्रश्न उभा राहतो : शिकवणी वर्गाचे शुल्क भरावे की घरी बसून अभ्यास करावा? अनेक कुटुंबांत हे शुल्क आईवडिलांच्या बचतीतून जाणार असते. म्हणून या प्रश्नाचा निर्णय ऐकीव माहितीवर न सोडता हिशेबाने करणे इष्ट ठरते.

परीक्षेचे स्वरूप

फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने आपल्या परीक्षांची फेररचना केली आणि पूर्वीच्या अनेक शाखांऐवजी ‘२००-३०१’ या क्रमांकाची एकच परीक्षा ठेवली. वेळ १२० मिनिटांचा. त्या रचनेत जाळ्याच्या मूलतत्त्वांना २० टक्के, स्विच व बिनतारी जोडणीला २० टक्के, आयपी मार्गनिर्धारणाला २५ टक्के, आयपी सेवांना १० टक्के, सुरक्षेला १५ टक्के आणि स्वयंचलनाला १० टक्के भार देण्यात आला.

एकदा उत्तर देऊन पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परतता येत नाही, ही या परीक्षेची एक विशेष बाब. ‘अवघड प्रश्न शेवटी पाहू’ ही शालेय परीक्षेतील सवय येथे उपयोगी पडत नाही. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसता येते, परंतु त्या वेळी शुल्कही पुन्हा भरावे लागते.

एक उदाहरण घेऊ. एका कार्यालयाकडे १९२.१६८.१०.० पासून सुरू होणारा २५६ पत्त्यांचा एक संच आहे आणि त्याचे चार विभागांत समान वाटप करावयाचे आहे. प्रत्येक विभागाच्या वाट्याला ६४ पत्ते येतील. त्यांपैकी पहिला त्या विभागाची ओळख म्हणून व शेवटचा सर्वांना एकाच वेळी संदेश देण्यासाठी राखीव राहील. म्हणजे प्रत्यक्ष संगणकांसाठी ६२ पत्ते उरतील. आता शेवटचा आकडा ७० असलेला संगणक आणि १३० असलेला संगणक एकाच विभागात असतील काय? पहिला ६४ ते १२७ या गटात व दुसरा १२८ ते १९१ या गटात येतो. विभाग भिन्न असल्याने त्यांच्यातील संदेश राउटरमधूनच जावा लागेल.

हे गणित समजण्यास एक तास पुरतो. मात्र ते कागदावर न मांडता अर्ध्या मिनिटात सुटावे यासाठी कित्येक दिवसांचा सराव लागतो. शिकवणी आणि स्वयंअध्ययन यांची तुलना करताना समजणे व सराव होणे यांतील हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

वर्गातून काय मिळते?

कोणत्याही परीक्षेच्या तयारीत चार कामे असतात : विषय समजून घेणे, सराव करणे, चुका दुरुस्त करणे आणि ठरलेल्या गतीने अभ्यासक्रम पूर्ण करणे. चांगला शिक्षक यांतील पहिले काम सुकर करतो. वर्गाचे वेळापत्रक चौथे काम सांभाळते. तिसऱ्या कामात तर शिक्षकाचे मोल सर्वाधिक असते. रचलेले जाळे चालत नसेल, तर एकटा विद्यार्थी चार तास अंधारात चाचपडतो. अनुभवी शिक्षक दोन प्रश्न विचारून चूक नेमकी कोठे आहे ते दाखवितो. दुसरे काम, म्हणजे सराव, मात्र कोणताही वर्ग विद्यार्थ्याच्या वतीने करू शकत नाही.

वर्गाच्या खर्चात केवळ शुल्क धरून चालत नाही. हैदराबादचे अमीरपेट किंवा पुणे, बेंगळुरू अशा ठिकाणी बाहेरगावाहून येणाऱ्यास राहण्याजेवण्याचा खर्च पडतो. नोकरी सोडून येणाऱ्याचे त्या काळातील वेतनही बुडते. हा सर्व आकडा मांडूनच निर्णय घ्यावा.

स्वयंअध्ययनाचे बळ आणि धोके

एके काळी राउटर व स्विच विकत घेणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होते आणि यंत्रे हाताळावयास मिळणे हेच वर्गाचे मोठे आकर्षण असे. सिस्कोच्या ‘नेटवर्किंग अकॅडमी’कडून नावनोंदणी करून विनामूल्य मिळणाऱ्या ‘पॅकेट ट्रेसर’ या प्रणालीमुळे ही अडचण बरीच दूर झाली आहे. साध्या संगणकाच्या पडद्यावर राउटर, स्विच व तारा मांडून संपूर्ण कार्यालयाचे जाळे उभारता येते, मोडता येते आणि पुन्हा जोडता येते.

धोका आहे तो समजल्याच्या भासाचा. चित्रफीत पाहताना सर्व काही उमगल्यासारखे वाटते. कोरा पडदा समोर आला की पहिली आज्ञा कोणती द्यावी हेच आठवत नाही. दुसरा धोका चालढकलीचा. परीक्षेची तारीख न ठरविता केलेला अभ्यास महिनोन्‌महिने रेंगाळतो.

तिसरा धोका अधिक गंभीर आहे. परीक्षेतील प्रत्यक्ष प्रश्न चोरून विकणारे संच बाजारात फिरतात, आणि काही वर्गही त्यांच्याच आधारे ‘हमखास यश’ देऊ करतात. त्यांचा वापर परीक्षेच्या नियमांचा भंग असून त्यामुळे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. तसे न झाले तरी मुलाखतीत एखादे बिघडलेले जाळे समोर ठेवताच पाठांतर उघडे पडते.

निर्णय कसा करावा?

शुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःची तीन आठवड्यांची चाचणी घ्यावी. रोज दीड तास अभ्यास, एक मान्यवर पाठ्यपुस्तक आणि पॅकेट ट्रेसर एवढेच साहित्य पुरे. अखेरीस तीन गोष्टी तपासाव्यात. ठरविलेल्या दिवसांपैकी किती दिवस अभ्यास झाला? वर दिलेल्यासारखी दहा गणिते न अडखळता सुटतात काय? दोन विभागांचे छोटे जाळे पुस्तक न पाहता उभारता येते काय?

तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर वर्गावर खर्च करण्याची गरज बहुधा नाही. अभ्यास नियमित झाला, पण गाडी विशिष्ट ठिकाणी अडली, तर पूर्ण वर्गाऐवजी जाणकार व्यक्तीकडून मोजक्या तासांचे मार्गदर्शन पुरेसे होईल. अभ्यासच झाला नसेल, तर वर्गाची शिस्त उपयोगी पडेल. मात्र घरी सरावाचा वेळ कोठून काढणार, याचे उत्तर आधी शोधावे लागेल.

वर्ग निवडताना प्रत्येक विद्यार्थ्यास प्रात्यक्षिकाचे किती तास मिळतात, परीक्षा शुल्क अंतर्भूत आहे काय आणि मध्येच सोडल्यास रक्कम परत मिळते काय, हे लेखी विचारावे. कर्ज काढण्याचा विचार असल्यास शाखेत आधी चौकशी करावी. केंद्र शासनाच्या २०१५ च्या कौशल्य कर्ज योजनेतील दीड लाख रुपयांची मर्यादा जुलै २०२४ मध्ये साडेसात लाखांपर्यंत वाढविण्यात आली. तथापि निवडलेला अभ्यासक्रम योजनेत बसतो की नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वीच पाहावे लागते.

सीसीएनए प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. त्यानंतर ते टिकविण्यासाठी पुन्हा अभ्यास करावा लागतो, आणि तंत्रज्ञान तर त्याआधीच बदलू लागलेले असते. म्हणूनच आरंभी वर्गाचा आधार घेणाऱ्यानेही त्या काळात एकट्याने शिकण्याची सवय लावून घ्यावी. नोकरीतील पुढील प्रत्येक वर्षी तिचीच गरज पडणार आहे.